आफ्रिकेहून सुटलेली लाट

११ ऑगस्ट

सूनबाई ऑफिसातून आली, बूट काढले, आणि पोरीला जवळ घ्यायच्या आधी लॅपटॉप उघडून बसली. मी म्हटलं, पोरगी तुझी का तो डबा तुझा? हसली. म्हणाली, "आई, आज आफ्रिकेतून एक सुटलीय."

काय सुटलीय? तर लाट! पाण्याची नाही म्हणे, हवेची. इथं जपानात, कोबेत बसायचं आणि आफ्रिकेपुढची हवा बघायची. ह्याचा पगार देतात!

१२ ऑगस्ट

सत्यजित आज पुन्हा — "आई, बोललीस का विभाशी?"

नाही बोलले. मला इथं कशाला आणलंय ते मला माहीत आहे. नातीला, कादंबरीला, सांभाळायला — हे लोकांना सांगायला. खरं काम वेगळंच. सत्याला पुण्यात मोठी नोकरी मिळतेय, सप्टेंबर संपायच्या आत हो-नाही कळवायचंय. विभा म्हणते मी इथली नोकरी सोडणार नाही. मग आईला बोलवा, आई समजावेल!

आणि मी काय नको म्हणणार आहे? हडपसरच्या घरात मी एकटी टीव्हीशी भांडत असते. तिघं आली तर घराला घरपण येईल. मी सत्याच्याच बाजूची. चांगली वेळ बघून बोलेन.

१४ ऑगस्ट

आज विचारलंच तिला, की बाई, तू दिवसभर करतेस काय?

तर त्यांचं ऑफिस जहाजांना वाट सांगतं. पुढं वादळ आहे, वळसा घाला. पुढं मोकळं आहे, या. आफ्रिकेतून ह्या हवेच्या लाटा उन्हाळाभर येतच राहतात, एकीमागे एक, सगळ्या अमेरिकेकडं निघालेल्या. बहुतेक वाटेतच विरून जातात. एखादी गरम पाण्यावर पोसते, गरगर फिरायला लागते, तिचं वादळ होतं. आपल्या बाईचं काम काय, तर कुठली पोसणार ते आधी ओळखायचं.

"मग ही कालपरवाची?"

"शंभरात चाळीस."

म्हटलं मी चौथीत शाळा सोडली, मला शंभर-बिंभर सांगू नकोस. वादळ होणार का नाही?

"आई, तेच तर सांगता येत नाही."

मग मी कोंबड्या आणल्या मधे. खुडूक कोंबडीखाली दहा अंडी ठेवली आणि चारांतून पिल्लं निघतील म्हटलं, तर कुठली चार ते कोंबडीला पण ठाऊक नसतं — असं का? "हो! असंच!" एवढी खूश झाली. आधीच असं सांगायचं की! शिकलेल्या माणसांना सोपं बोलायला जीव जातो.

१६ ऑगस्ट

सकाळी तिच्या शेजारी बसून बघितलं. काळा समुद्र, त्यावर पांढरा कापसाचा पुंजका. मला तर कापूसच दिसला. विभाला काय काय दिसतं! "इथं बघा, खालचे ढग उलटे वळतायत. इथं वाळवंटाची धूळ आत घुसतेय, ती हिचा घसा आवळेल." अंडं उजेडाला धरून आतली शीर बघतात ना, तशी बघते पोरगी. डोळा लवत नाही.

मला राग येतो माणसं संथ असली की. पण ही संथ नाही. ही थांबू शकते. मला ते या जन्मात जमलेलं नाही.

१७ ऑगस्ट

मी पडद्यावर बोट ठेवून लाट दाखवत होते तर कादंबरी ओरडली, "आजी, दामे!" म्हणजे नको, हात लावू नकोस. मराठीत ओरड म्हटलं. तर परत तेच, दुप्पट जोरात. चार वर्षांची. आईच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही हे तिला कळतं, मला नाही!

१९ ऑगस्ट

आज मोठं काम झालं.

ब्राझीलहून कॉफी भरून एक जहाज अमेरिकेला निघालंय. सरळ गेलं तर लाटेच्या वाटेत येतं. विभाने सांगितलं, दोन दिवस खाली दक्षिणेलाच थांबा. कप्तान फोनवर असा तडकला! मला इंग्रजी येत नाही पण तडकलेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो. विभा आवाज चढवत नाही. तेच वाक्य, तेच वाक्य. शेवटी थांबला तो.

तिने फोन ठेवला. मी पाणी दिलं. सत्या आतून म्हणाला, "वादळ नाही झालं तर हिची वाट लागणार. ह्याच सीझनवर हिला पर्मनंट करायचं का ते ठरवणार आहेत." हे मला आज कळतंय!

मी एवढ्या मोठ्या जहाजाला थांब म्हटलं असतं का? मी रिक्षाला हात करताना दोनदा विचार करते.

२१ ऑगस्ट

गेली. लाट मेली. कालपर्यंत पुंजका होता, आज नुसत्या चिंध्या. धुळीने घोटला गळा. जहाज दोन दिवस उगाच उभं.

विभा म्हणाली, "साठमधली निघाली." एवढंच. जेवली नाही.

२२ ऑगस्ट

दिवसभर लाडू केले. बेसन इथल्या सान्नोमिया भागातल्या इंडियन दुकानातून आणलं, बिघडू नये म्हणून गॅसपासून हलले नाही. उद्या ऑफिसात ने म्हटलं, सगळ्यांचं तोंड गोड कर, माणसं जरा नरम पडतात. रोजच्या डब्यात काय द्यायचं, म्हणून मोठ्या दुकानाचा एक छान खोका जपून ठेवला होता त्यात भरले. वर त्यांचाच सोनेरी कागद, फीत. असा देखणा झाला!

२३ ऑगस्ट

मी मूर्ख आहे.

विभा सकाळी घाईत खोका घेऊन गेली, आली ती लालबुंद. इथली रीत अशी, की कुणाच्या हातून चूक झाली की तो चांगल्या दुकानातला गोडाचा खोका, कागदात बांधून, घेऊन जातो आणि माफी मागतो. मला काय माहीत! हिने खोका पुढं केला आणि साहेब — ओकादा-सान — उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी घेतला. म्हणाला, इतकं मनाला लावून घेऊ नका, तुम्ही अजून नवीन आहात.

"आई, मी माफी मागितलीच नव्हती! मी चुकले नव्हते!"

म्हटलं, अगं पण वादळ झालं नाही ना? तर म्हणाली, "चाळीस म्हणजे चाळीस. झालं नाही म्हणून ते शून्य होत नाही. उद्या परत चाळीस दिसले तर मी परत थांबवीन. आणि आता सगळ्यांना वाटतंय की मी घाबरून पाया पडले."

सत्या म्हणाला, जाऊ दे ना, बरंच झालं, साहेबाने माफ केलं. विभाने त्याच्याकडं असं बघितलं! मी पण बघितलं.

२४ ऑगस्ट

गेली आणि सांगून आली!

सकाळच्या मीटिंगमधे उभी राहिली. लाडू माझ्या सासूबाईंचे आहेत, खायचे आहेत, माफीचे नाहीत. जहाज मी थांबवलं. तशीच लाट आली तर उद्याही थांबवीन. सगळं जपानीत, सगळ्यांसमोर.

ओकादा-सानने फीत सोडली, एक लाडू काढला, अर्धा खाल्ला, आणि विचारलं, पुढची लाट कुठवर आलीय?

मी हे तिच्याकडून तीनदा ऐकलं. घडलेल्या चुकीची माफी मागायला धाडस लागतं असं लोक म्हणतात. न केलेल्या चुकीची माफी मिळालेली परत करायला किती लागत असेल! माझ्या माहेरात, सासरात असं बाईमाणूस मी बघितलेलं नाही. पुरुषमाणूस पण नाही.

३१ ऑगस्ट

पुढची लाट वादळ झाली. नाव पण पडलं तिला. विभाची जहाजं आधीच लांब. मी टाळ्या वाजवल्या, कादंबरीने पण. विभाचं तोंड मात्र लाट मेली तेव्हा होतं तसंच. म्हणाली, "ही सोपी होती. ही कुणालाही दिसली असती."

आता सकाळी उठल्यावर मीच आधी विचारते, नवीन काही सुटली का?

९ सप्टेंबर

पर्मनंट केलं नाही. एक वर्ष वाढवून दिलंय. ओकादा-सानने हो म्हटलं होतं म्हणे, पण वरच्यांकडं त्या कॉफीच्या जहाजाची तक्रार गेली होती.

सत्याला लपवता येत नाही. चेहऱ्यावर आनंद. "आता तरी बघ विभा."

१२ सप्टेंबर

भांडी घासता घासता विभा म्हणाली, "आई, मी दमले. चला, पुण्याला येते मी. सत्यजितला सांगा तुम्ही."

मी काहीच केलं नाही आणि काम झालं. पोर हडपसरच्या शाळेत जाईल, मराठीत ओरडेल. आनंद व्हायला पाहिजे. ताट पुसत उभी राहिले. तिने नळ बंद केला तरी मी पुसतेच आहे.

१३ सप्टेंबर

सत्याने मला मिठी मारली. "आई, तूच समजावलंस ना?"

म्हटलं, आता समजावते, बस. पुण्याची नोकरी घ्यायची तर घे, तुझा डबा मी करीन. विभा आणि पोरगी इथंच राहतील. ती दमून हो म्हणाली असली तरी मी नाही म्हणतेय.

"तू नक्की कुणाची आई आहेस?"

आज नको विचारूस, म्हटलं.