वरण छान झालंय

विश्रांतवाडी, पुणे
७ ऑक्टोबर २००१

आदरणीय कुसुमआक्कास,
धाकट्या दशरथचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा दमा थंडीची चाहूल लागली की उठतो, तो उठला की अजून निजलाय? थोरल्या नातीचा कान वाहत होता, तो थांबला का? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

सुंदरा घरी आली. छातीतली गाठ काढली, मग सलाइनमधून द्यायची औषधंही संपली. केस गेले आणि जिभेची चवही गेली. डॉक्टर मला म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, आता किरणांचा शेक तेवढा राहिला. धम्मदीपने कंपनीत इंटरनेटवर काय काय वाचून मला बजावलं, की बाबा, घरात टेन्शन नको, आईला कशालाही नाही म्हणायचं नाही. तुला ठाऊक आहे, आमच्या संसाराला भांडणाचीच फोडणी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात गेली, पण स्फोट व्हायचे ते घरीच. तरी लेकाचं ऐकून मी तोंडाला कुलूप लावलं.

मागल्या आठवड्यात ती हट्टाने गॅसपाशी उभी राहिली आणि वरण केलं. आक्का, मीठ दोनदा पडलेलं. घास उतरेना. मी म्हटलं, छान झालंय, आणि वर आणखी वाढून घेतलं. आमची सूनबाई सोनाली, तिनेही माझ्याकडे बघत मान हलवली आणि तांब्याभर पाणी प्यायली. ते पाणी सुंदराने पाहिलं.

तेव्हापासून ती धड जेवत नाही. आपलं जांभळं इरकल सोनालीला देऊन टाकलं. शेकाला यायचं नाही म्हणते, त्या मशीनला कशाला उगाच त्रास. मी रिपोर्ट चांगला म्हणून सांगितलं, की हसून मान डोलावते. डॉक्टर म्हणतात, शेक लांबवू नका. माझं कुठे चुकतंय, तूच सांग.

तुझ्याच मायेचा,
दशरथ


पुलगाव
१५ ऑक्टोबर २००१

चि. दशरथ यास,
आक्काचा जयभीम व आशीर्वाद.

गुडघे दुखतात, पण चालवतात. दमा निजलेला आहे. नातीचा कान बरा झाला. इकडची काळजी करू नको.

तुला शहाणा समजून आम्ही पुण्याला धाडलं, तू असा बावळट काहून झाला रे बावा? लग्न झाल्यापासून तू त्या बाईच्या पानावर बसून नावं ठेवतो. माझ्या घरी, भर पंगतीत, भाजीत हिंग जास्त म्हणालास, तेव्हा तिने तुला विचारलं होतं की तुम्ही नाकाने जेवता का. असा माणूस खारट वरण मागून घेतो, तर तिने काय समजावं? हेच, की याला डॉक्टरांनी कानात काहीतरी सांगितलंय. चालत्या माणसाशी लोक भांडतात, जाणाऱ्याशी कोणी भांडत नाही. वरणाचं खोटं, तर रिपोर्टचंही खोटंच.

मी शाळेची पायरी चढले नाही, तुझ्या फाटक्या पुस्तकांवर अक्षरं गिरवली. पण एवढं कळतं, की जपणं वेगळं आणि गोड बोलणं वेगळं. तिचं पथ्य सांभाळ, पाय चेप, डोकं झाकायला मऊ सुती रुमाल आण. पण खोटं वाढू नको. डॉक्टरांकडे तिला सोबत ने. तिला काय विचारायचं ते विचारू दे, तू गप बस. आणि हे पत्र लपवू नको, तिच्याच हाती दे.

धम्मदीपला सांग, इंटरनेटला तुझी आई माहीत नाही.

तुझी,
आक्का


विश्रांतवाडी, पुणे
४ नोव्हेंबर २००१

आदरणीय आक्कांना,
सुंदराचा जयभीम. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र ह्यांनी माझ्या हातात दिलं आणि चोरासारखे मोरीपाशी जाऊन उभे राहिले. मी वाचलं, पण लगेच विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण केलं. मुद्दाम काही नाही, मीठ अंदाजानेच टाकलं. ह्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "सुंदरा, खारट झालंय. मला खाववत नाही."

आक्का, आजारपणात मला कितीजण गोड बोलून गेले, पण पोटात थंडावा पडला तो ह्या बोलण्याने. मी म्हटलं, मग आपण स्वतः करावं की. बिचाऱ्यांनी पाणी ओतून उकळी आणली. आता ह्याला वरण म्हणावं की गढूळ पाणी, यावरून आमची जुंपली. सोनाली घाबरून नवऱ्याला फोन लावायला निघाली होती.

मग दोघं डॉक्टरांकडे गेलो. मीच विचारलं. ते म्हणाले, आज कुठे काही दिसत नाही, पण पुढे कधी उलटणार नाही असा शब्द मी देणार नाही, शेक घेतलात तर धोका कमी होईल. ह्यांनी मध्येच काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी टेबलाखाली पाय दाबला. सगळे मला नुसतं चांगलं आहे म्हणत होते, त्यात "पण" कुठेच नव्हता. तो ऐकला आणि बाकीचं खरं वाटलं. त्या एका "पण"साठी मी उपाशी होते.

शेक सुरू झालाय. कातडी होरपळल्यासारखी होते, थकवा येतो. भीती गेलेली नाही, फक्त आता ती एकटीने गिळावी लागत नाही. परतताना रिक्षा की बस यावरून आम्ही रोज स्टँडवर भांडतो. कालच तिथे उभ्या असलेल्या एका बाईंनी मला कळवळून विचारलं, की आजारपणातही साहेब असेच वागतात का. मी म्हटलं, हो, देवमाणूस आहे.

तुमचा लोभ आहेच, तो असू द्या. पुढचं पत्र माझ्या नावाने टाका, ह्यांच्या नावाचं आलं तर ते मला गाळून वाचून दाखवतील. उत्तर लवकर लिहा, आणि मी आजारी म्हणून त्यात साखर घालू नका.

आपली भावजय,
सुंदरा