दोन म्हणजे नऊ

देऊळघाट, जि. बुलढाणा
शुक्रवार

प्रिय अश्वजित,

पाकीट उलटंपालटं करून तू म्हणशील, या गुलजारचा मोबाइल बिघडला काय? बिघडलेला नाही. पण फोनवर तू ‘मजेत’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. परवा तर माझं ‘कसा आहेस’ पुरतं तोंडातून निघायच्या आधीच तू मजेत होतास. पत्राला तसं करता येत नाही. ते घरात पडून राहतं, आणि तू नाही वाचलंस तर दुसरं कुणी वाचतं. म्हणून पत्र.

माझा स्वभाव तुला नवा नाही. फौजेत आपण एकाच ताफ्यात गाड्या चालवल्या. तू गाणी म्हणत घाट चढायचास आणि मी चाकांच्या साखळ्या हातानं ओढून बघितल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचो नाही. सगळे मला शक्की म्हणायचे. आता हातात गाडी नाही, त्यामुळे तो शक माणसांवर निघतो. मेहकरला तुझ्या पुतणीच्या लग्नात तू चहाबरोबर एक गोळी गिळलीस. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ‘ॲसिडिटीची’ म्हणालास. अरे, कमरेसाठी मीही तीच घेतो, पट्टीचा रंग मला लांबूनही ओळखू येतो. भर मांडवात कशाला बोला, म्हणून गप्प बसलो.

आता इथली हकीकत. गेल्या महिन्यात बुलढाण्याच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातून फोन आला. तिथल्या डॉक्टर-नर्सना ॲक्युपंक्चरचं, म्हणजे कानात सुया टोचून दुखणं कमी करण्याचं शिक्षण देणं सुरू आहे, मिलिटरी हॉस्पिटलमधून मेजर मॅडम शिकवायला आल्या आहेत, जुनं दुखणं असलेले माजी सैनिक सरावासाठी हवेत, चहा-नाश्ता मिळेल. ‘सराव’ आणि ‘नाश्ता’ एका दमात ऐकले की माझे कान उभे राहतात. शिकाऊ ड्रायव्हरला आपण काय द्यायचो? मोकळं मैदान आणि जुनी गाडी. इथे जुनी गाडी म्हणजे आपण. शिवाय विद्या कुठली, तर चीनची. ज्यांच्याकडे तोंड करून आपण बर्फात रसद पोचवली, त्यांची सुई आता आपल्या कानात घालणार. आणि कागदावर दुखणं कमी दाखवून उद्या पेन्शनची अपंगत्वाची टक्केवारी उतरवली, तर दाद कुठे मागायची? मी घरी बायकोला, जहांआराला म्हणालो, यात कुठेतरी पाणी मुरतंय. ती म्हणाली, “मंग चला, कुठं मुरते थे पाहून येऊ.”

गेलो. शेवटची खुर्ची धरली. सुयांचं पाकीट सीलबंद आहे का, ते उजेडात धरून बघितलं. मेजर अनुपमा मॅडमना राग येईल असं वाटलं होतं, पण त्या आपल्या शिकाऊ मंडळींना म्हणाल्या, “असाच पेशंट पाहिजे, यांच्यापासून सुरुवात करा.” हेही मला संशयास्पदच वाटलं. एक मात्र सांगतो, त्यांनी त्या लोकांना आधी एकमेकांना टोचायला लावलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि रेणुका नावाच्या नर्सचे दोन्ही कान लालबुंद झाले होते. ते बघून मला जरा बरं वाटलं. ही रेणुका धामणगाव बढ्याची, नवीनच लागलेली, आणि माझ्या वाट्याला तीच आली. सुया तरी केवढ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. कानात ठिकठिकाणी रुतवतात आणि काही दिवसांनी त्या आपोआप गळून पडतात.

टोचण्याआधी तिनं विचारलं, “काका, शून्य म्हंजे दुखतच नाही आन् दहा म्हंजे सोसतच नाही. तुमचं कितीवर हाये?” मी म्हणालो, दोन. शेजारचाही दोन म्हणाला. त्याच्या पलीकडचाही दोनच. काठी टेकत आलेले एक सुभेदार तर एक म्हणाले, आणि खुर्चीवरून उठताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. बिचारी शिकाऊ मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. इतके धडधाकट लोक इथे आलेत तरी काऊन, असा प्रश्न त्यांना पडला असणार.

त्यांना कोण सांगणार? फौजेत डॉक्टरसमोर ‘दुखतं’ म्हटलं की मेडिकल कॅटेगरी खाली, आणि कॅटेगरी खाली गेली की बढती गेली, गाडी गेली, बस मग स्टोअरमध्ये पोती मोजत. तुझ्या गुडघ्यावर दरडीचा दगड आला होता तेव्हाची तपासणी मला आठवते. तू आत ताठ चालत गेलास, ताठ बाहेर आलास, आणि बराकीचा कोपरा वळल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून सगळं अंग माझ्यावर सोडून दिलंस. बघणाऱ्यांना वाटलं, काय दोस्ती आहे. वर्दी उतरली, पण जीभ अजून त्या तपासणीच्या रांगेतच उभी आहे.

रेणुकानं एक सुई लावली, मला व्हरांड्यात चालवलं आणि पुन्हा आकडा विचारला. मी म्हणालो, दोन. दुसरी लावली, चालवलं. दोन. पोरीचा चेहरा उतरला. मेजर मॅडम मागेच उभ्या होत्या. माझ्या मनात लगेच आलं, हिला आता माझ्याकडून एक आकडा कमी करून पाहिजे, म्हणजे हिचं शिक्षण पार पडलं आणि कागद रंगले. मी आणखी ताठ झालो. तेवढ्यात दारातून जहांआराचा आवाज आला, “पोरी, यायचे दोन म्हंजे नऊ समज. रोज सकायी यायच्या पायात मोजे मले चढवून द्या लागते.”

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मला इतका राग आला की उठून घरी जावं, पण पटकन उठता येत असतं तर मी तिथे गेलोच कशाला असतो? कुणी हसलं नाही. सुभेदार तर खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. त्यांचे मोजेही कुणीतरी चढवत असणार. रेणुकानं हळूच पुन्हा विचारलं, आणि मी म्हणालो, नऊ. डॉक्टरच्या माणसासमोर आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं, ते सुईमुळे आलं असं मी सांगितलं. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. माझे जहांआरानं टोचले, रेणुकाची सुई नंतर.

पाचवी सुई लावून झाल्यावर मी सहा म्हणालो. तुला खरं सांगतो, त्या सहावरसुद्धा माझा शक आहे. पोरीची दया आली म्हणून म्हणालो की खरंच उतरलं होतं, हे मी घरी येईपर्यंत तपासत होतो. दुसऱ्या दिवशी डावा मोजा माझा मी घातला. उजवा अजून जहांआराच घालते. आठवड्यानं दुखणं परत आलं, मी परत गेलो. जादू नाही, हे मेजर मॅडमही सांगतात. पण रोजची गोळी आता एक दिवसाआड आली आहे, आणि हे मी कागदावर नाही, माझ्या अंगावर बघतोय.

आता हे सगळं तुला कशासाठी लिहिलं ते. सोमवारी सारिका वहिनींचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाल्या होत्या, मी सांगतोय. मोटारसायकलच्या डिक्कीत त्यांना गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. तुझ्या किडन्या निम्म्याच चालतात आणि या गोळ्या बंद केल्या नाहीत तर पुढे डायलिसिसच्या मशीनवर बसावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय, तेही त्यांनी सांगितलं. तू घरी काय म्हणतोस, तर दुखतच नाही, गोळ्या कशाला घेऊ? अश्वजित, मला भीती वाटते. सुया किडन्या बऱ्या करत नाहीत, हे मी रेणुकाला खोदून खोदून विचारून घेतलंय. गोळ्यांशिवाय दिवस निघाला, तर मात्र तू राहशील, आणि मला तू पाहिजेस बे. मंगळवारी रेणुकाची शिकाऊ तुकडी पुन्हा बसणार आहे. तुझं नाव देऊन ठेवलंय, किडनीचे रिपोर्ट घेऊन ये. मेहकरच्या गाडीला मी बुलढाण्याच्या स्टँडवर उभा राहीन, तिथून दवाखान्यापर्यंत खांदा माझा. आत रेणुका आकडा विचारील तेव्हा तुझ्या तोंडून खरा ऐकायचाय. वहिनींनी तुझा आकडा मला सोमवारीच सांगून ठेवलाय.

तुझाच शक्की,
गुलजार