उरलेला खुराक

४ तारीख, सोमवार
लागले एकदाची कामाला! प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात उंदीर सांभाळायचे. ताईला सातवा महिना लागलाय, पण जिभेची धार तीच. म्हणाली, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी तू, उंदीर काय सांभाळणार! पण ही पांढरी पिल्लं कापसाच्या बोळ्यांसारखी आहेत. तिथले सर्वात जुने कामगार, सगळ्यांचे मामा, यांनी पिंजरा धुण्यापासून सगळं मायेनं शिकवलं.

६ तारीख, बुधवार
संशोधन करणाऱ्या मॅडमनी आज प्रयोग समजावला. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातल्या एकाला फ्लोरिन जोडून ते उंदरांच्या खुराकात मिसळलंय. शरीर त्याला आपलंच समजून आत घेतं आणि फसतं. पेशीची चूलच विझते. हा खुराक उरला तर भट्टीत जाळायचा, असं दोनदा बजावलं.

११ तारीख
उंदीर अधाशासारखे खातात, पण अंगी लागत नाही. केस चिकट, डोळ्यांभोवती तांबूस चिकटा. पिंजऱ्यांना गोडसर, कुजकट वास येतो. तीनदा हात धुतले, तरी डबा न उघडताच परत आणला.

१५ तारीख
सात मेले. आधी मागचे पाय झटकतात, मग अंग धनुष्यासारखं वळतं. एकानं मेलेल्याचं पोट कोरून आत डोकं घातलं होतं. चाहूल लागताच वर पाहिलं. मिशा ओल्या. मी बेसिनमध्ये ओकले. मॅडम मूत्रपिंडं कापून ओळीनं मांडत होत्या, फिक्कट, फुगलेली. म्हणाल्या, होईल सवय.

१८ तारीख
भट्टीपाशी उरलेल्या खुराकाचं पोतं नव्हतं. मामांना विचारलं, तर हसले. चांगलं अन्न जाळायला जिवावर येतं म्हणे, म्हणून ते घरच्या कोंबड्यांना घालतात. दोन कोंबड्या पाय झाडायला लागल्या, तेव्हा फुकट जायला नकोत म्हणून पटकन कापल्या. त्यातलीच एक काल त्यांनी मला प्रेमानं दिली होती. ताईनं रस्सा केला. दोन जिवांचं खायचं म्हणून तीनदा वाढून घेतला. मीही हाडं चोखली —
बोटं घशात घातली. काही येत नाही.

१९ तारीख
दवाखान्यात ताईला तपासलं. ठणठणीत आहे म्हणून घरी पाठवलं. मॅडमना सांगितलं. वाटलं, हादरतील. त्यांनी वही उघडली. किती तुकडे खाल्ले? वजन किती? कितवा महिना? उतारा नाही म्हणाल्या. पत्ता लिहून घेतला.

२० तारीख
पहाटे मामा वारले; दुसरी कोंबडी त्यांनीच खाल्ली होती. ताईचे पाय सकाळपासून — रुग्णवाहिका बोलावलीय.
त्याआधी मॅडम आल्या. ताईच्या पोटावरून हात फिरवतायत. मी म्हटलं, उठा तिथून. त्या म्हणाल्या, "थांबा हो, बाळापर्यंत पोचलंय का, हे अजून कुणी पाहिलेलं नाही."
हातमोजे चढवलेत.
गाडी आली. दार वाजतंय. मॅडमनी आतून कडी — माझेही पाय झटके देतायत, उठता येत नाही, जीभ वळत नाही — हे पान खिडकीतून टाकते — दार फोडा — आधी ताईला — त्यांच्या हातात कात्—