डाव्या कडेची सुलेखा

२ सप्टेंबर १९८४
पोचले एकदाची. पेनसिल्व्हेनियातलं हे गाव म्हणजे युनिव्हर्सिटी आणि तिच्याभोवती मका. बसस्टेशनवर सुलेखा घ्यायला आली होती. सांगलीची, गणितात पीएच.डी. करते, आणि आता माझी रूममेट. पाहिलं नव्हतं कधी, पण तिने अशी मिठी मारली की जणू मीच उशीर केला यायला. घरी नेऊन गरम पिठलं-भात वाढला आणि बाथटबचा पडदा आतल्या बाजूने सोडायचा असतो हे शिकवलं, नाहीतर खालच्या घरात पाणी जातं. मी फार खूश आहे.

११ सप्टेंबर
शिकायला आलेय अन्नशास्त्र, बाबांच्या समाधानासाठी. जीव मात्र मासिकांत. एका वर्षी दिवाळी अंकांच्या नादात परीक्षा बुडवलेली मी! तर इथे मासिकात करिअर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा क्लबच आहे. तळघरातली एक खोली, खालून उजेड येणारी काचेची टेबलं, गरम मेणाचा वास. मजकुराच्या पट्ट्यांना मागून मेण लावायचं आणि पानावर चिकटवायच्या. संपादक डेल, उंच, हळू बोलणारा. सगळ्यांना न्यूयॉर्कला जायचंय. मलाही, हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

३० सप्टेंबर
क्लबची एक गंमत. बाहेर सगळीकडे फोटोच्या समासात निळ्या पेन्सिलीने खुणा करतात आणि छापखाना तेवढाच भाग घेतो, मूळ फोटो शाबूत राहतो. इथे मूळ फोटोच कापतात, ब्लेडने. डेल म्हणाला, ज्याचं पान त्यानेच कापायचं, तरच हात तयार होतो. आई जिवंत माणसाच्या फोटोला कात्री लावू द्यायची नाही. फ्रेममध्ये बसला नाही तर दुमडायची, पण कापायची नाही. आठवून हसू आलं.

८ ऑक्टोबर
मला पान मिळालं! परवा दसऱ्यानिमित्त इथल्या एका मराठी डॉक्टरांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे, सरलाकाकूंकडे सगळी मराठी मंडळी जमली होती, त्यावर. फोटो झकास आलाय, पण रकान्यात मावेना. डाव्या कडेला सुलेखा. मी घुटमळत होते. ती शेजारीच उभी राहून चहा पीत होती. म्हणाली, "अगं, मला काप ना. मी तशीही फोटोत डोळे मिटूनच येते. तुझा लेआउट नको खराब करूस."
कापली. सरळ रेघ, एका फटक्यात. डेलने पाठ थोपटली.

१६ ऑक्टोबर
अंक आला. माझं नाव छापून! सरलाकाकूंचा फोन आला कौतुकाचा. शेवटी म्हणाल्या, एवढ्या मोठ्या अपार्टमेंटमध्ये एकटी कशी राहतेस गं? मला वाटलं, चेष्टा करताहेत. सुलेखाला सांगितलं तर तीही हसली.

१९ ऑक्टोबर
ती हसत नाही आता. कॅम्पस बसने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. पीएच.डी.बरोबर ती ज्या वर्गाला शिकवते, त्याला दुसराच कोणी शिकवतोय, आणि मुलं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आज तिने सांगलीला ट्रंककॉल लावला. आईने फोन घेतला. म्हणाली, आम्हाला मुलगी नाही हो, दोन्ही मुलगेच.
रिसीव्हर खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. मी हे केलं. मीच केलं.

२२ ऑक्टोबर
क्लबमध्ये गेले. कापलेल्या कडा एका खोक्यात टाकतात, त्यात शोधली. माझी पट्टी सापडली. काकूंचा पडदा आहे, कुंडी आहे. सुलेखा नाही.
डेलपुढे रडले. म्हटलं, पुढच्या अंकात पूर्ण फोटो छाप, मला न्यूयॉर्क नको, काही नको. तो शांतपणे म्हणाला, पहिल्या पानाला प्रत्येकाचं कोणीतरी जातंच. मी विचारलं, तुझं कोण गेलं?
बराच वेळ आठवत बसला. म्हणाला, "कोणीतरी असेल."

२५ ऑक्टोबर
काल दिवाळी झाली. दोघींनी पणती लावली. तिचा हात घट्ट धरून बसले होते. सकाळी उठल्यापासून तिचं आडनाव आठवत नाही. तिला विचारायची हिंमत नाही — तिला कळलंय — माझ्या चेहऱ्यावरून कळलंय.

२९ ऑक्टोबर
चहाचे दोन कप का ठेवले मी?
सु — सुलेखा. सुलेखा. सुलेखा. सांगली.
ती म्हणते, फक्त बघत राहा माझ्याकडे. पण झोप —

३ नोव्हेंबर
छान वाटतंय. डेलने पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ मला दिलं. या वहीची मागची पानं चाळली. कुणा सुलेखाबद्दल बरंच लिहिलंय. अक्षर माझंच. बहुतेक मासिकासाठी गोष्ट सुचली असेल. बरी आहे, शेवट हवा.

४ नोव्हेंबर
स्वयंपाकघरात एक मुलगी होती. अनोळखी. मराठी बोलत होती. मी किंचाळले — ढकलून बाहेर काढलं — साखळी लावली.
दार वाजवतेय. माझं नाव कसं माहीत हिला?

बिल्डिंगच्या मॅनेजरला बोलावलं. आलाय. दाराच्या भोकातून दिसतोय. म्हणतो, मिस, इथे कोणीच नाही.
ती त्याच्या शेजारीच उभी आहे. अनवाणी. तो तिच्यातून — नाही, तिच्यामागे बघतोय — मलाच फक्त —
आता वाजवत नाही. नुसती बघतेय. डोळे मिटते आहे, हळूहळू, आणि डाव्या बाजूने तिचा खांदा, सरळ रेघेत कापल्यासारखा