सुताच्या मुठी

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. बारके,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, पुढे लिहिण्याच्या भरात द्यायचे राहतील. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला पेन टेकवलं आणि तिथंच अडलो. हवा बरी आहे. माझं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे. त्यापलीकडे काय ठीक आहे, ते मला कालपासून कळेनासं झालंय. फोन केला असता, पण फोनवर मी ओरडलो असतो. कागदावर आवाज चढत नाही.

काल तुझ्या प्रदर्शनाच्या दारात वॉचमनकडे पांढऱ्या फुलांचा गुच्छ ठेवून गेलेला माणूस मीच. तू कुणाकुणाला विचारत बसली असशील. न सांगता येऊन तुला चकित करायचं होतं. चकित कोण झालं ते ऐक.

मी आत आलो तेव्हा तू पार्टिशनच्या पलीकडे कुणा बाईंना तुझी मांडणी समजावत होतीस. माझ्या बाजूला काचेत आपल्याच घरातल्या वस्तू. मी जुन्या बाजारातून उचललेली लोखंडी इस्त्री, शिंप्याची कात्री, किटली. गंज काढायला तुझ्याकडे पाठवल्यात असं आई मला म्हणाली होती. प्रत्येकीच्या मुठीवर तिनं गुंडाळलेलं रंगीत सूत. छाती फुगली माझी. पोरीनं घराण्याचं नाव काढलं म्हटलं. माझ्याआधी भंगाराच्या हातगाडीपलीकडे ज्या घराण्याला काही नव्हतं, त्याचं. आणि मग तुझा आवाज आला. माझे कान तुला ठाऊक आहेत. आपल्या कारखान्यातलं कुठलं मशीन टाका सोडतंय ते मी रस्त्याच्या टोकावरून सांगतो.

त्या बाई म्हणाल्या, काय सुरेख सजावट आहे. तू म्हणालीस, "सजावट नाही ही. माझ्या आईच्या बोटांना पकड राहिलेली नाही. मूठ जाड केली की वस्तू निसटत नाही. रंग फक्त बाबांसाठी. त्यांना संशय येऊ नये म्हणून."

मी त्या इस्त्रीकडे बघत राहिलो, पण दिसत काही नव्हतं. तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही. परतीच्या बसमध्ये माझा थांबा गेला तरी मी बसूनच होतो. कंडक्टरनं शेवटच्या थांब्यावर हलवून उतरवलं.

बारके, त्या मुठींवर आपलं घर उभं आहे. मी पहिल्यांदा ती किटली उचलली, सूत तळहाताला लागलं आणि मी ओरडलो होतो, अगं, हे विकलं जाईल. तुझी आई पांढरीफटक पडली होती. मला वाटलं, आनंदानं. मग ती हसून म्हणाली की, तुम्हाला कचऱ्यातही गिऱ्हाईक दिसतं. तिथून सुताच्या मुठीच्या सुऱ्या, ट्रे, दिवे, छत्र्या, आणि मग हा कारखाना. कुणी आलं की मी तिचे हात धरून दाखवायचो. म्हणायचो, डिझाइनला कॉलेज लागत नाही हो, ही बोटं लागतात. म्हणजे इतकी वर्षं मी तिचं दुखणं रंग बदलबदलून विकलं.

काल घरी आलो तर तिनं घरातली दुसरी किटली दोन्ही मनगटांत धरून चहा ओतला. हे मी रोज बघतो. चहा ओततेस की बाळ उचलतेस, असं म्हणून हसतोही. बटणांचे कपडे कपाटात गेले तेव्हा म्हातारपणी फॅशन सुचली म्हणून चिडवलं होतं. कप फुटला की दिलदारपणे म्हणायचो, फोडा, कारखाना आपलाच आहे. काल मात्र चहा तसाच ठेवून उठलो.

आज सकाळी पॅकिंगच्या मावशींना आडून आडून विचारलं. त्यांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. सगळ्या कारखान्याला माहीत आहे म्हणे. नवे नमुने कधीचे मावशीच गुंडाळतात. आई शेजारी बसून नुसतं बोलते, इथं आवळ, इथं निळा घे, इथं सैल सोड. मी विचारलं, मग मलाच का नाही सांगितलं?

मावशी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही ताईंची ओळख करून देता, तेव्हा कधी ऐकलंय का स्वतःला?"

डॉक्टरचंही त्यांच्याकडूनच कळलं. मानेत नस दाबली गेली आहे, ऑपरेशन वेळेत केलं तर उरलंय तेवढं तरी टिकेल, आणि मोठी ऑर्डर हातात पडेपर्यंत ती टाळते आहे, तू हिवाळाभर तिच्याशी भांडते आहेस. तुझाही राग आला होता मला. परक्या बाईला सांगितलंस आणि बापाला नाही. पण मावशींच्या प्रश्नानंतर तो राग कुठे ठेवावा तेच कळेना.

आता जे लिहायचं टाळतोय ते. शुक्रवारी त्या मोठ्या ऑर्डरच्या दुकानवाल्यांचा एजंट कॅमेरा घेऊन येणार होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचे हात सूत गुंडाळताना टिपायचे, त्यावरच ऑर्डर. ठरवलं मीच. तिला न विचारता, जेवताना ऐटीत जाहीर केलं. ती बरं म्हणाली. तेव्हापासून दुपारी कोठीच्या खोलीतून आवाज यायचा, रीळ फरशीवर पडून घरंगळत गेल्याचा. थोडा वेळ शांत, की पुन्हा. मला वाटायचं, आवराआवर चाललीय. ती सराव करत होती गं.

एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग ऑर्डरचं विसरा, म्हणाला. विसरलो म्हटलं आणि भर दुपारी घरी आलो. दगडही विकू शकणारा मी, पण एक वाक्य जुळवता येईना. ती खिडकीशी बाहेर बघत बसली होती, हात खुर्चीच्या मागे सोडलेला. मी मागे स्टूल ओढून बसलो आणि तिची बोटं धरली. एकेक करून दाबली. चांगली जोरात.

वळून न बघताच तिनं विचारलं, आज लवकर कसे. मी म्हटलं, "मला कळलं. तुझ्या हाताचं."

ती तरी बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "कळलं ना? मग धरा की. नुसते बसलात काय?"

मी धरलेलाच होता, बारके.

शेवटी तिनं मान वळवली, तेव्हा तिला आपला हात माझ्या हातात दिसला. मग तिनं शुक्रवारचं विचारलं. रद्द केलं म्हटल्यावर भडकली. "न विचारता आणलंत, न विचारता घालवलंत." बरोबर आहे तिचं. म्हणून ऑपरेशनचं मी ठरवलं नाही, विचारलं. बारकीला तारीख घ्यायला सांगा, म्हणाली. तर घे. मिळेल ती पहिली. आणि तू आधी ये. डॉक्टर काय म्हणाले ते मला तुझ्या तोंडून, पार्टिशनच्या अलीकडे बसून ऐकायचं आहे.

आई समोर बसली आहे. हे सगळं तिला वाचून दाखवलं. खाली सही मी करते, म्हणाली. मी मदत करणार नाही, ती मागेपर्यंत. कितीही वेळ लागो.

तुझे बाबा

आणि, वाकडी असली तरी ही तिनंच केलेली,

आई