परत आत न जाणारी पट्टी

प्रिय ताई,

माझं अक्षर पाहून तुला वाटेल काही वाईट बातमी आहे, म्हणून आधीच सांगते, सगळे ठणठणीत आहेत. रविवारी बाबांना ऐंशी पूर्ण होतील. दुकान आता दादा बघतो, पण कापड कापायला अजून बाबाच बसतात आणि माझ्या शिवणीत खोट काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. वाढदिवसाला त्यांना जुन्या फोटोंची वही करून द्यायची, असं वहिनीने ठरवलं. हौस तिची आणि हात माझे! नुसते फोटो चिकटवून मोकळी होणारी मी नव्हे, हे तुला ठाऊक आहेच. सदऱ्यांच्या घडीतले पुठ्ठे, कापायच्या नमुन्यांचे खाकी कागद, रिळांवरची लेबलं, सगळा कचरा मी गोळा केला. त्यातून उघडायच्या खिडक्या केल्या, चिठ्ठ्या ठेवायला खिसे केले, मधोमध टिचबटण बसवून फिरणारी चकती केली. चकती फिरवली की दुकानाच्या पाट्या बदलत जातात. वहिनीची मुलगी ती दिवसभर फिरवत बसते.

दादाने सुरुवातीलाच बजावलं होतं, जुनं उकरायचं नाही, तिचा, म्हणजे तुझा, विषय नको. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

मग फोटोंचा गठ्ठा सोडला आणि माझं डोकंच फिरलं. ठरलेलं लग्न मोडून तू नर्सिंग शिकायला निघून गेलीस, त्या आठवड्यात बाबा कात्री घेऊन बसले होते. मी दाराआडून बघत होते. फोटो फाडले असते तर रागाच्या भरात केलं म्हटलं असतं. पण नाही, त्यांनी तुला बेतून कापलं. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला शिवणीबाहेर दोन बोटं माया सोडणारा माणूस, तुला मात्र अगदी रेषेवर कापलं. प्रत्येक फोटोत तुझ्या आकाराचं भोक. एकात तर माझा हात हवेत आहे, कारण मी तुझं बोट धरलं होतं. इतकी वर्षं सगळे त्या भोकांकडे बघून न बघितल्यासारखं करतात. मला आता ते जमत नाही.

बाबांनी टाकलेले तुझे तुकडे आईने केरातून उचलून बटणांच्या डब्यात तळाशी ठेवले होते. आई गेली तेव्हा कुणी तिच्या बांगड्या मागितल्या, मी डबा मागितला. आता एकेक तुकडा मी लांब पट्टीवर चिकटवला आणि फोटोच्या मागे सरकता बसवला. पट्टी ओढली की तू बाजूने येतेस आणि आपल्या जागी उभी राहतेस. कापणारा पक्का कारागीर, त्यामुळे सांधासुद्धा दिसत नाही.

पहिल्या पट्ट्या अडकल्या. डिंक पसरून वाटेत वाळला, कागदाला पाडलेली चीर वाकडी गेली. मी चरफडत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. तुझे तुकडे मी पटकन पदराखाली सरकवले. वाकडी चीर काही त्यांना बघवेना. त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली आणि सगळ्या चिरा एका दमात सरळ कापून दिल्या. कशासाठी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांना कळलं असेल का, याचा मी दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला. कळलं असेल तर उत्तम, नसेल तर रविवारी कळेल.

आणि एक खोडी केली आहे. एरवी अशा पट्ट्या पुन्हा ढकलून आत घालता येतात, मग चित्र लपतं. मी प्रत्येक पट्टीला मागून दुमडलेल्या कागदाची जीभ लावली. पट्टी बाहेर आली की जीभ उघडते आणि अडते. मग दादाला जोर लावू दे, नाहीतर बाबांना डोळे वटारू दे, तू काही परत आत जात नाहीस. फार तर पान फाटेल. फाडायचं असेल तर चारचौघांत फाडा म्हणावं!

आता मुख्य काम. शेवटच्या पानावर माझ्या लग्नातला फोटो आहे. त्यात भोक नाही, कारण तुला बोलावलंच नव्हतं, आणि डब्यातही त्यासाठी तुकडा नाही. म्हणून त्या फोटोत माझ्या शेजारी मीच कात्रीने तुझ्या उंचीची जागा कापून ठेवली आहे. तिथे लावायला तुझा फोटो पाठवशील तर तो मी घेणार नाही, आधीच सांगते. रविवारी सकाळी वही उघडायची आहे. तू ये. दार दादा उघडणार नाही, मी उघडणार आहे.

तुझीच, कुणाच्याही बापाला न भिणारी, आपल्यासुद्धा,
बारकी