मुडदाघरामागचा पिंजरा

माय, तू ज्या दवाखान्यात आयाबाई म्हणून राबलीस, तो पाडून तिथे आता कॉलनी झाली आहे. तुझा बालवॉर्ड होता त्या जागेवर माझं घर आहे. रिटायर झाल्यावर मी नागभीडहून मुद्दाम इथे राहायला आले. शेजार चांगला मिळाला. कोणाकडे जवसाची चटणी कुटली की वाटी घरोघर फिरायची, संध्याकाळी बाया ओट्यावर बसायच्या. मुडदाघर तेवढं पाडायचं राहून गेलं. कोपऱ्यात घाणेरीच्या झुडपांत ते तसंच उभं आहे. त्याच्यामागे नाला, नाल्यापलीकडे जंगल.

पावसाळा सरता सरता कॉलनीतली कुत्री कमी होऊ लागली. भुंकणं थांबलं म्हणून लोक खूशच होते. मग एका संध्याकाळी शेजारची बाई वाळलेले कपडे काढता काढता थबकली. तिचा नवरा जंगलखात्यात वॉचर होता, तिला ओळखायला वेळ लागला नाही. मुडदाघराच्या छपरावर बिबट बसला होता आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे पाहत होता. ती ओरडली नाही. एकेका पोराला हाताला धरून आत नेलं, आणि मग माझ्या दारात येऊन पाणी मागितलं. उभ्याउभ्याच तिने अख्खा तांब्या संपवला.

वनखात्याने मुडदाघरामागे पिंजरा लावला, आत बकरी बांधली. एका सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं दिसलं. सगळी कॉलनी धावली, फोटो निघाले, पेढे वाटले. शेजारच्या बाईने वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हे तं पिलू हाय. याची माय बाहेरच हाय अजून." वनरक्षकाने पिंजऱ्यावर ताडपत्री ओढली. पिलाला गाडीत घालून दूरच्या जंगलात नेलं.

तेव्हापासून दिवस मावळला की त्याची माय येते. करवतीने ओंडका चिरावा तसा आवाज मुडदाघरापासून सुरू होतो आणि घरांच्या मागून फिरत जातो. लोक दारं लावतात, टीव्हीचा आवाज वाढवतात. मला मात्र तुझा वॉर्ड दिसतो. मी लहान आहे, तुझा डबा घेऊन आले आहे. जंगलातल्या गावाहून आलेली एक बाई मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन रडते आहे. मी कान झाकते. तू माझे हात खसकन खाली ओढतेस. "आयक. तिचं आयकाले इथी दुसरं कोनी नाई."

परवा बाईच्या ओट्यावर चिखलाचे पंजे उमटले. काल सभा झाली. बाई म्हणाली, "पिलू शोधून राह्यली ते. काई दिवस पोरं आत ठेवा, जाईन निघून." कोणी म्हणालं पुन्हा पिंजरा लावा. मागच्या रांगेतून एकजण शांतपणे म्हणाला की मेलेल्या डुकराला फवारणीचं औषध लावून नाल्यात टाकलं तर कोणाला कळणारही नाही. सगळे वयाने मोठी म्हणून माझ्याकडे पाहू लागले. दिवाळीला लेक येणार आहे, नुकतंच चालू लागलेलं लेकरू घेऊन. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सभा उठली.

हे कागद तुझ्यापर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून लिहिते. आज दिवस मावळला, अंधार पडला, आणि आवाज आलाच नाही. बाई तिच्या दारात उभी राहून माझ्या घराकडे पाहते आहे. मी लाइट लावला नाही. माय, मला बरं वाटलं.